तिसरी प्रत

जन्मनोंदणीच्या खिडकीवरच्या बाईंचा अंगठा महिन्याभरापासून असा ठणकत होता, की दोन नोंदी झाल्या की पेन हातातून गळायचं. साहेबांनी गोड शब्दांत सांगून टाकलं, "सोमवारी बघू. नाही जमलं तर शिक्के मारायला बसा." शिक्के! तीस वर्षं लोकांच्या बाळांची नावं स्वतःच्या हातानं लिहिली, आणि आता ठप्प ठप्प?

डॉक्टर म्हणाले, शाईचं पेन वापरून बघा. म्हणून शनिवारी धाकट्या बहिणीला घेऊन त्या पेनवाल्या काकांकडे गेल्या. दुकान कसलं, जिन्याखालची खोली!

"ते सोनेरी घे गं, नवरीसारखं दिसतंय," बहीण म्हणाली.

"रोज नांदायला हवी ना नवरी," काका म्हणाले. "नुसती नटलेली काय कामाची?"

बाई सही करून बघणार, तोच काकांनी कागद ओढला. "सही नको. ती झोपेतही येते. रोज लिहिता ते लिहा."

बाईंनी लिहिलं, बाळाचे नाव, आईचे नाव, जन्मवेळ. पहिलं पेन खरखरलं. दुसऱ्यानं डाग पाडला. तिसऱ्याच्या निबेची दोन्ही टोकं फाकली. बाई ओशाळल्या. शिक्केच नशिबी आहेत, दुसरं काय!

काका पेनाकडे बघतच नव्हते. त्यांनी कागद उलटा करून मागून बोट फिरवलं. अक्षरन् अक्षर हाताला लागत होतं.

"कार्बन लावायचात ना?"

"दोन. तीन प्रती निघायच्या. तिसरी उमटली नाही की तेव्हाचे साहेब डोक्यावर बसायचे."

"अजून लावता?"

"छे हो, बंद होऊन बारा वर्षं झाली की!" बोलता बोलता बाई थबकल्या. बारा वर्षं त्या नसलेल्या कागदासाठी दाबून लिहीत होत्या.

"धन्य आहेस," बहीण म्हणाली, पण तिलाही हसू आलं नाही.

काकांनी जाडसर दांड्याचं साधं काळं पेन काढलं, त्याची नीब बारीक दगडावर दोनदा फिरवली. "आवळू नका. नुसतं टेकवा. खाली कुणी नाही आता."

बाईंनी टेकवलं. आणि काय सांगावं! शाई आपली आपण चालू लागली. वेलांटी वळली, मात्रा चढली, अंगठ्याला पत्ताच नाही. बाई श्वास घ्यायला विसरल्या. एवढं हलकं लिहिता येतं माणसाला? तेही आपल्याला? त्यांचे डोळे भरून आले.

"अक्षर माझंच आहे ना हो?" त्यांनी विचारलं.

"मग काय माझं?" काका म्हणाले.

सोमवारी पहिलाच बाप खिडकीशी आला. साहेब मुद्दाम मागे येऊन उभे राहिले. बाईंनी चौदा रकाने भरले, एकदाही न थांबता. बाप अवघडून खाकरला.

"बाई, रागावू नका. जुळी आहेत."

"अहो, रागावते कशाला?" बाईंनी पेन उचललं. "सांगा, सांगा की दुसऱ्याचं नाव!"