बिरोबाच्या चौथऱ्याला लावलेला फाळका

मित्रांनो, मी एक जुना फाळका आहे, आणि आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. रोज दुपारी शाळेमागं माझ्यावर बसून खिचडी खाता, तेवढ्या वेळात ऐकून घ्या म्हणजे झालं.

माझा जन्म आळेफाट्याचा, ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या मिस्त्रीच्या शेडमधला. दहा चाकी ट्रकच्या डाव्या अंगाला मी आणि उजव्या अंगाला माझा जुळा भाऊ. अठरा-अठरा फूट लांब, जाड लाकूड, वर लोखंडी पट्ट्या. आम्ही अंगावर किती कांदा झेलला त्याला मोजदाद नाही. एकदा माळशेज घाटात ब्रेक गेला, तेव्हा मी पाय रोवून अख्खा ट्रक कड्याच्या काठावर थोपवला होता.

"फाळक्याला पाय कुठं असत्यात?" हा स्वराज. आधी तोंडातला घास गिळ, बाबा.

घाटघरला एक बिबट्या दुपारभर माझ्या सावलीत झोपला आणि जाताना शेपटीनं माझ्यावरची धूळ झाडून गेला. हेही खरं आहे. पण पुढचं त्याहून खरं आहे.

ट्रक म्हातारा झाला आणि आम्ही दोघं भाऊ कांतीलालशेठच्या भंगाराच्या आवारात येऊन पडलो. दोन पावसाळे अंगावर घेतले. मग एके दिवशी हातात टेप घेऊन आरती मॅडम आल्या. त्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट. गावानं हे नाव दोनदा म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं. थेरपीवाल्या मॅडम म्हणजे पुरे. आजारानं किंवा अपघातानं ज्याचं रोजचं करणं सुटलं, त्याला ते पुन्हा करता यावं म्हणून वाट शोधून द्यायची, हे त्यांचं काम.

"शेठ, अठरा फुटी काही आहे का?"

"अठरा फुटी? घर बांधताय का काय, मॅडम?"

"तीन पायऱ्या चढायच्यात."

शेठ हसले. "तीन पायऱ्यांना अठरा फूट? तेवढ्यात तर बैलगाडी चढंल."

"फूटभर चढायला बारा फूट उतार लागतो, शेठ. चाकाच्या खुर्चीत बसून आपल्या हातानं चढून बघा, मग हसा."

शेठ खुर्चीत काही बसले नाहीत, पण हसायचे थांबले. म्हणाले, घेऊन जा दोघांना.

आता ज्याच्यासाठी हे चाललं होतं त्याचं सांगतो. भैरवनाथ, म्हणजे आपला भैरू, या दिशाचा बाप. माझ्या टोकाला बसलीय ती. भैरू गजीतला, म्हणजे धनगरी नाचातला, ढोलकरी. जत्रेला बिरोबाच्या चौथऱ्यावर गजी नाचायला उभी राहते, तेव्हा ढोल मधोमध असतो आणि नाचणारे त्याच्याभोवती फिरतात. ढोलकरी त्यांच्या पायांकडं बघून वाजवतो, ते त्याच्या हाताकडं बघून नाचतात. मेंढरं भरलेल्या टेम्पोवरून पडून भैरूचे पाय गेले, आणि गेली पाच वर्षं ढोल दुसऱ्याच्या गळ्यात होता.

आरती मॅडम पहिल्यांदा घरी गेल्या तेव्हा त्यांनी कुठं दुखतंय हे विचारलंच नाही. मी तिथं नव्हतो, पण मला सगळं ठाऊक असतं. त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय करायचंय?"

भैरू म्हणाला, "चौथऱ्यावर ढोल वाजवायचाय. खाली बसून न्हाई. खालनं पाय दिसत न्हाईत."

मॅडम भैरूला घेऊन गजीच्या म्होरक्याकडं, ज्योतिबा आबांकडं गेल्या. नाच यंदा खाली मैदानात घेता येईल का, म्हणून विचारलं.

"देवाचा खेळ हाय, मॅडम. चौथरा कसा सोडायचा? आमी उचलून घेतो की भैरूला. चार पोरं लावली का झालं."

"आबा," भैरू म्हणाला, "चौघांनी उचलून देवापुढं बोकड नेत्यात. मी वाजवाय येतोय."

तेव्हा आम्हा भावांना शेजारी शेजारी जोडून तीन पायऱ्यांवर टाकायचं ठरलं. मिस्त्रीनं कडेला पट्ट्या ठोकल्या, चाक घसरू नये म्हणून अंगावर टायरचे तुकडे मारले. चाकं फिरवायला दोन्ही हात लागतात, मग ढोल धरणार कोण? मॅडमनी खुर्चीलाच पट्टा शिवून घेतला, ढोल मांडीवरून हलेना. दर मंगळवारी त्या यायच्या, भैरूच्या खांद्यांना व्यायाम द्यायच्या आणि माझे नट आवळायच्या.

जत्रेच्या दोन महिने आधी, भर उन्हात, तालीम झाली. मॅडम, दिशा आणि आबा, एवढेच हजर. भैरू माझ्या पायथ्याला आला. निम्म्यावर चाकं थांबली. मॅडम मागं उभ्या होत्या, पण त्यांनी हात लावला नाही. तो वर गेला. आपल्या बळावर. मी ट्रक थोपवला म्हणून सांगितलं ना, त्याचं एवढं वजन मला कधी वाटलं नव्हतं जेवढं त्या चढत्या माणसाचं वाटलं.

"वाजवा ना आता," मॅडम म्हणाल्या.

भैरूनं ढोलावर तळवा टेकवला आणि परत घेतला. "आज न्हाई. जत्रंला."

मॅडमच्या संस्थेचं काम त्याच महिन्यात संपलं. जाताना त्यांनी आबांना बजावलं, "हा इथून हलवू नका. हे भैरूभाऊंचे पाय आहेत." आबा म्हणाले, गाव काय येडं हाय का.

गाव वेडं नाही, मित्रांनो. गाव कामाचं आहे. दुसऱ्याच दिवशी कुणी माझ्यावरून कांद्याच्या गोण्या टेम्पोत चढवल्या, कुणी बंद पडलेली मोटरसायकल. "लगीच आणून टाकतो, आबा," म्हणायचे, आणि आणून टाकायचेही. नट सैल व्हायचे. आवळायला मंगळवार येत नव्हता.

पण जत्रेदिवशी मी जागेवर होतो. भैरू नवा पटका बांधून आला. पायथ्याला थांबला, देवाला हात जोडला आणि एका दमात वर गेला. मग त्यानं असा ढोल वाजवला म्हणून सांगू, शिवनेरीवरची कबुतरं उडाली, वारूळवाडीपर्यंत माणसं दारात आली. नाचणाऱ्यांचे पाय आणि त्याचे हात एक झाले. सूर्य मावळेस्तोवर वाजवत होता तो. उतरल्यावर माझ्यावर हात ठेवून म्हणाला, फाळक्या, तुझे उपकार.

म्हणून सांगतो, मित्रांनो, वस्तू जुनी असली तरी तिच्यावर कुणाचातरी रस्ता असतो. तिची निगा राखा. न्यायच्या आधी ती कुणाची आहे ते विचा—

"खोटं," दिशा म्हणाली. तिनं ताटली खाली ठेवली. "जत्रंच्या दिवशी तू वड्यात व्हतास. डीजेचा टेम्पो गाळात रुतला म्हणून पोरांनी तुला आन तुझ्या भावाला चाकाखाली घातलं, तिथंच मोडलात. तुझा उरला तुकडा तेवढा इथं बसायला आणून टाकला. पप्पा सकाळपासनं पायरीपाशी बसलं व्हतं. आबा म्हणायचं, आणत्यात, आत्ता आणत्यात. गजी संपली तवा पप्पा मला म्हणलं, दिशे, खुर्ची वळव. मी वळवली. ढोल त्यांनी वाजवलाच न्हाई."