लाल अक्षरांतली नावं

अर्णव दुपारी झोपला की मी रसिकाला फोन लावते. इथे नोएडात दुपार असते, तिकडे कोरियात तिची शाळा सुटलेली असते. रसिका माझी धाकटी बहीण. दिल्लीत करोल बागेत वाढलेली, आणि मार्चपासून तिथल्या एका छोट्या गावात, प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवणारी.

सुरुवातीला ती नुसती सांगत सुटायची. शाळेच्या दारात चपला बदलायच्या. जेवायला मुख्याध्यापकसुद्धा ताट घेऊन रांगेत. मी विचारत राहायची, भात कसा असतो, मुलं तुला काय म्हणतात. मग एकदम तिचं सांगणं आटलं.

"ताई, मी परत येते. शुक्रवारी शाळेत सांगून टाकणार."

"का गं, काय झालं?"

"काहीच नाही झालं, तेच तर. चौथीच्या वर्गाला मी आवडत नाही यार. पहिल्या दिवशी सगळी हसत होती. दुसऱ्या दिवसापासून माना खाली. एक मुलगी तर रडली."

"ओरडलीस?"

"मी? बिल्कुल नाही. उलट दुसऱ्याच दिवशी हौसेने प्रत्येकाच्या बाकावर नावाची पट्टी केली. सोबतच्या कोरियन बाई बघून 'ओके, ओके' म्हणाल्या. आता निम्म्या पट्ट्या पालथ्या पडलेल्या असतात."

"फोटो पाठव बघू."

पांढरी कार्डं, त्यांवर ठसठशीत लाल अक्षरं. आमची आई नव्या वहीवर कुंकवाचं बोट लावायची, मग खाली लाल पेनाने आमचं नाव. मला तर त्या पट्ट्या छानच वाटल्या.

आमच्या टॉवरमध्ये वरच्या मजल्यावर हाजुनची आई राहते. तिचा नवरा इथल्या एका कोरियन कारखान्यात आहे. अर्णव पोटात होता तेव्हाच, ती हाजुनला खाली खेळवत असताना, आमची ओळख झाली. ती मला 'अर्णव की मम्मी' म्हणते, मी तिला 'हाजुन की मम्मी'. त्यांच्याकडेही आयांना अशीच हाक मारतात म्हणे. अर्णव उठल्यावर त्याला कडेवर घेऊन मी वर गेले आणि फोटो दाखवला.

तिने तो पाहिला आणि माझा फोन मांडीवर पालथा ठेवला.

"लाल से नाम हम नहीं लिखते," ती जपून जपून हिंदीत म्हणाली. "जिंदा आदमी का नहीं."

"लिहिलं तर काय होतं?" मीही हिंदीतच विचारलं.

"कुछ नहीं होता. मालूम है. फिर भी नहीं लिखते." अर्णवच्या पायाचा अंगठा धरून तिने हळूच विचारलं, "इसके नाम वाले दिन, लकडी पर लाल नाम था ना?"

बारशाला पाटावर मी कुंकवाने त्याचं नाव लिहिलं होतं. तेव्हा ही घुगऱ्याही न घेता निघून गेली होती. मला वाटलं, गर्दी सोसवली नसेल.

"म्हणून गेलीस?"

"फिर मैं रोज नीचे आती थी. देखने, कि ठीक है."

मग मी तिला कुंकवाचं सांगितलं. कपाळ, उंबरा, लग्नपत्रिका. जे टिकावंसं वाटतं तिथे आम्ही लाल लावतो.

"एकदम उल्टा," ती म्हणाली आणि हसली.

रसिकाला लगेच कळवलं. "म्हणजे एवढ्याशा पोरांना मी... आणि मला वाटत होतं, तीच माझ्यावर रुसलीत."

"मग शुक्रवारी काय सांगणार?"

"आधी वर्गाला सांगते."

शुक्रवारी तिचाच व्हिडिओ कॉल आला. मी अर्णवला भरवत होते.

"निळ्या पट्ट्या केल्या, माफी मागितली. बाईंना आधीच माहीत होतं, मला वाईट वाटेल म्हणून बोलल्या नव्हत्या. मग कपाळाला कुंकू लावून दाखवलं. यार ताई, काय प्रश्न! आंघोळीत जातं का, मुलगे लावतात का, तुमचे आजोबा जिवंत आहेत का. भाषांतर करून करून बाई दमल्या. शेवटी मी म्हटलं, माझं नाव लालने लिहा फळ्यावर. माझ्यासाठी ते चांगलंच आहे."

"मग?"

"ती रडलेली मुलगी उठली. लाल खडू उचलला, माझ्याकडे बघितलं, परत ठेवला. दुसऱ्याला म्हटलं, तो नाही. तिसरीला म्हटलं, ती नाही." तिचा आवाज बारीक झाला. "एकजणसुद्धा तयार होईना, ताई. निळ्याने लिहिलं. केवढं मोठं."

"आणि शाळेत काय सांगितलंस?"

"निळे खडू संपत आलेत, नवे मागवा म्हणून सांगितलं. तू त्याला भरव आधी, भात सांडतोय बघ."