निळ्या दिव्यातला फोटो

दक्षिण आफ्रिकेतल्या पोलोक्वानेहून समुद्र गाठायचा तर अख्खा दिवस मोडतो, तरी मापुतीच्या बैठकीत समुद्र होता. काचेच्या टाकीतला, पाकिटातलं मीठ कालवून केलेला. गेल्या महिन्यात वीज गेली ती दीड दिवस आलीच नाही, टाकीचा पंप बंद पडला. मापुतीनं हातानं पाणी घुसळून घुसळून खांदे मोडून घेतले, पण काही उपयोग झाला नाही. मासे गेले, प्रवाळं गेली. उरलं एकच, बारा वर्षांचं, आणि तेही सोलवटून पांढरा सांगाडा झालेलं. "हे जगलं नाही तर टाकी काढून टाकते," असं ती नवऱ्याला, लेसिबाला म्हणाली होती, आणि ही बाई बोलते ते करते हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

आता त्या सांगाड्यावर मण्यांएवढं काहीतरी उगवलं होतं. अकरा मणी, प्रत्येकाला बारीक बारीक हात.

"काय असेल रे हे?"

"मला विचारतेस? जिवंत दगड कुठला नि मेलेला कुठला, तेच मला कळत नाही," लेसिबा म्हणाला.

तिनं फोटो काढला. निळ्या दिव्यातच काढला, कारण या छंदाची माणसं टाकीवर निळाच दिवा ठेवतात. त्यात सगळं कसं हिरवंगार चमकतं! फोटो टाकीवाल्यांच्या ग्रुपवर टाकला आणि उत्तरांचा पाऊस पडला. "जंगली समुद्रफूल! कीड आहे ती!" "मास्तरीणबाई, आजच मारा, नाहीतर टाकी गिळेल." "चुना कालवा, इंजेक्शनच्या सुईत भरा, थेट तोंडात सोडा."

एकट्या हेनी म्हाताऱ्यानं लिहिलं, "पांढऱ्या दिव्यात फोटो टाक, मग बोलू." ग्रुपमधले सगळे त्याला उम म्हणत, म्हणजे काका. मापुती वैतागली. या उमला दर वेळी पांढराच दिवा लागतो! तीस वर्षं पोरांना 'आधी प्रश्न नीट वाचा' म्हणून ओरडणारी ही बाई, पण स्वतःवर वेळ आली तेव्हा धीर म्हणून धरवला नाही तिला.

तिनं पंप बंद केला, चुना कालवला आणि एकेका तोंडात सुई रोवली. मणी आक्रसले.

"इतकी वर्षं मलाच चुना लावलास, आता समुद्रालाही?" लेसिबा म्हणाला. महिन्याभरात ती पहिल्यांदा हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हाताऱ्याचं तोंड बंद करावं म्हणून तिनं पांढरा दिवा लावला. हिरवा रंग कुठल्या कुठे गेला. मेलेल्या मण्यांपैकी अर्धवट जळलेला एक तपकिरी दिसत होता, टोकांना सोनेरी. हा रंग ती बारा वर्षं रोज बघत होती. तिनं फोन लावला.

"मुळाशी बघ," हेनी म्हणाला. "बाहेरून चिकटलंय, की सांगाड्याच्या आतून आलंय?"

"आतून, उम."

"पोरी, ती कीड नव्हे. वरून मेलेलं दिसलं तरी खोल कुठंतरी मांस उरतं. तिथूनच ते पुन्हा फुटतं. हात लावू नकोस त्याला."

"चुना घातलाय मी."

"सगळ्यांना?"

"एकही सोडला नाही."

लेसिबा चहा घेऊन आला तेव्हा ती टाकीला कपाळ टेकून हमसून हमसून रडत होती.

"अगं, मेली ना कीड? मग रडतेस काय?"

"कीड नव्हती रे," ती म्हणाली. "जगलं होतं ते. जगलं होतं, आणि मी मारलं."