दोन गोधड्या

बायको मोतीबाई गेली हे हिरूला कर्जतच्या सरकारी दवाखान्याच्या ओट्यावर कळलं, आणि कशानं गेली तेही तिथंच कळलं. अक्षय्य तृतीया होऊन चार दिवस झाले होते. दिवस कलला होता तरी ओट्याची फरशी पायाला चटके देत होती. डॉक्टर तरुण होते. ते बाहेर येऊन त्याच्या शेजारी उभे राहिले.

"गोधड्या कुणी घातल्या होत्या त्यांना?"

"मीच," हिरू म्हणाला. "हिवताप हाय तिला. दर साली येतो."

"हिवताप नव्हता. ऊन लागलं होतं. घाम यायचा बंद झाला की अंगातली आग बाहेर पडत नाही. अशा वेळी अंगावरचं सगळं काढायचं, पाणी ओतायचं, वारा घालायचा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्हाला कोण सांगणार होतं म्हणा."

एवढं बोलून ते आत गेले. हे ऐकायला तिथं दुसरं कुणी नव्हतं. टेंपोवाला सिराज फाटकाबाहेर गाडीपाशी उभा होता.

त्या दिवशी राब भाजायचा होता. भाताचं रोप जिथं टाकायचं त्या तुकड्यावर शेण, झाडांच्या डहाळ्यांची कवळं, वाळला पातेरा अंथरायचा, वर माती पसरायची आणि पेटवून द्यायचं. हे दर उन्हाळ्याचं काम. त्यांच्याकडं तो भर दुपारीच पेटवत, कारण दुपार कलली की वारा सुटतो आणि आग रानात पळते. हिरू एका अंगाला, मोतीबाई दुसऱ्या अंगाला. हातात हिरवी फांदी, ठिणगी पडली की झोडायची. वर सूर्य, पुढ्यात जाळ. हिरूनं तिला मधेच हाक मारली, सावलीत ये म्हणाला. ती म्हणाली, "तुमीच बसा सावलीत. मी काय आता गोरी व्हायची नाय."

अर्धा तुकडा भाजून झाला आणि ती फांदी टाकून खालीच बसली. घरी आणेपर्यंत तिचे दात वाजायला लागले होते. "थंडी वाजते वो," एवढंच म्हणत होती. हिरूनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तर शेजारच्या गोदूबाईनं हात धरला. "उनातनं आल्या आल्या पाणी नको देऊस रं. बाधंल. हिवताप हाय तिचा, घाम फुटला की उतरंल."

हिरूला ते पटलं. न पटायला काय होतं? दोन सालं मोतीबाईचा हिवताप असाच उतरवला होता त्यानं. दार लावून घेतलं. दोन गोधड्या घातल्या. गोदूबाईनं मिरी घालून काढा केला, शेगडीत निखारे घालून खाटेखाली सरकवली. मग दोघं घामाची वाट बघत बसली. हिरू घडीघडीला गोधडीत हात घालून तिची पाठ चाचपायचा. पाठ तव्यासारखी तापली होती, आणि कोरडी. तो गोधडी आणखी आवळायचा. पुढं ती बरळायला लागली. हिरूला ओळखेना, त्याला आपल्या भावाच्या नावानं हाका मारायला लागली. तेव्हा मात्र तो उठला आणि सडकेवर धावला.

सिराजचा टेंपो त्या वेळेला रोज खोपोलीहून कर्जतला जायचा. मच्छीवाल्यांसाठी बर्फ न्यायचा तो. मागं चार लाद्या होत्या, भुश्यात आणि गोणपाटात गुंडाळलेल्या. सिराजनं काही विचारलं नाही. स्वतः चढून लाद्या ओढल्या आणि कडेला लावल्या.

"गारवा लागंल भाभीला," तो म्हणाला. "गोधडी नीट घ्या, हिरूभाऊ."

हिरूनं गोधडी गळ्यापर्यंत ओढली. बर्फाचं पाणी फळीवरून वाहत त्यांच्याकडं येत होतं. त्यानं मोतीबाईचे पाय उचलून आपल्या मांडीवर घेतले. भिजू नयेत म्हणून.

कर्जतपर्यंत ते पाय त्यानं कोरडे ठेवले.

तेराव्याला सगळी जमली. गोदूबाई येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होती, "हिरूनं काय करायचं ठेवलं नाय. गोधड्या घातल्या, शेक दिला, गाडी केली. नवरा असावा तर असा." सिराजही आला होता. त्यानं मान हलवली. हिरू पत्रावळीकडं बघत राहिला. दोनदा त्यानं तोंड उघडलं, पण गोदूबाईकडं बघितल्यावर शब्द निघेना. सत्तरीची बाई, तिचाही हात त्यात होता.

संध्याकाळी त्याची लेक भागी लोधिवलीला परत निघाली. जाताना तिनं वलणीवरची लाल काठाची गोधडी काढली.

"ही नेते मी, बाबा. आयच्या लुगड्यांची हाय. कोंडीला सारखा ताप येतो, हिच्यातच गुंडाळीन तिला. आजीचा हात फिरल्यावानी होईल."

हिरू म्हणाला, "उन्हाळ्याची कशाला नेतेस?"

"ताप काय उन्हाळा बघून येतो व्हय?" भागी हसली. तेरा दिवसांत पहिल्यांदा हसली ती.

पण त्या रात्रीपासून हिरूचा डोळा लागेना. कोंडी दोन वर्षांची. भागी पण राबावर जाते, पोरीला झाडाखाली निजवते. चौथ्या दिवशी तो लोधिवलीला निघाला. एसटीत बसून वाक्य जुळवलं. तुझ्या आयला हिवताप नव्हता, ऊन लागलं होतं, आणि मी तिला गोधडीत घातली. एवढंच वाक्य. चौक गावी उतरून चालतानाही तेच घोकत होता.

भागीनं पाणी दिलं, चहा टाकला. कोंडी झोळीत निजली होती. भागीची सासू म्हणाली, "व्याही, लोक तुमचं नाव काढतात."

हिरू म्हणाला, "भागे, तुला सांगायचंय."

"काय?"

"तुझी आय..."

भागीनं डोळ्याला पदर लावला. "तुमी व्हता म्हणून तिला जाताना उबेचं सुख तरी लागलं, बाबा. मी त्या विचारावरच झोपते. नायतर मला झोप नाय आली असती."

हिरूचं वाक्य तिथंच अडलं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "कोंडीला उनात नेऊ नको. पाणी पाजत जा."

"पाजते की."

"आणि ती गोधडी दे मला परत. मला झोप लागत नाय तिच्याबिगर."

भागीनं त्याच्याकडं बघितलं. मग उठून गोधडी आणली, घडी नीट केली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. "घ्या. तुमचाच हक्क हाय. आमच्याकडं काय, दुसऱ्या हायत. कोंडीला त्यांच्यात गुंडाळीन."

तो उठला. गोधडी खांद्यावर टाकून उन्हातून चौक गावापर्यंत चालत आला. डोईवर घ्या म्हणून भागी मागून ओरडत होती, पण त्यानं घेतली नाही.

आता ज्येष्ठ लागला आहे. दोन्ही गोधड्या वलणीवर आहेत. राबाचा उरलेला अर्धा तुकडा भाजलेला नाही, माती पसरलेली तशीच आहे. लोधिवलीला तो आणखी एकदा जाऊन आला. भागीला अजून सांगितलेलं नाही.