चौथं प्रकरण आणि लाल फ्रॉक

आमच्या गल्लीतला नळ कोरडा असला की माणसांची तोंडं वाहायला लागतात. त्या दिवशी पाणी आलंच नव्हतं. बादल्या रांगेत, आम्ही पायरीवर. टेलर म्हणाला, "वहिनींचा प्रबंध या टर्मलासुद्धा जमा होत नाही. लिहून घे."

"मी लिहून घेत नाही, मी शिवून घेतो," मी म्हटलं. "बोल, काय लावतोस?"

माझं बाइंडिंगचं दुकान आहे, युनिव्हर्सिटीच्या गेटपासून हाकेच्या अंतरावर. खाली दुकान, वर आम्ही राहतो. समोर टेलर. शहरातले सगळे विद्वान शेवटी माझ्या खळीतून आणि दोऱ्यातून जातात, आणि मी एकेकाच्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं ठोकून त्याला डॉक्टर करून सोडतो. फक्त घरचीच एक राहिली होती. माझी बायको. आणि ते टेलरला चांगलं ठाऊक होतं.

टेलरच्या दुकानात एक लाल फ्रॉक लटकतो. कुठल्याशा नाटकवाल्यानं विनोदी पार्टासाठी शिवायला टाकला आणि नेलाच नाही. चांगला दांडग्या पुरुषाच्या मापाचा, खाली तीन झालरी, पाठीला हूक, कमरेला बो.

"हरेल त्यानं तो घालायचा," टेलर म्हणाला. "नळापासून युनिव्हर्सिटीच्या गेटपर्यंत चालायचं. भर दुपारी, कॉलेज सुटताना. गेटवर गिरकी मारायची."

"एक गिरकी?"

"लोक पुरे म्हणेपर्यंत."

कंडक्टरकाका पंच झाले. ते बसमधून रिटायर झाले त्याला जमाना झाला, पण अजून चहाच्या टपरीवरसुद्धा 'पुढे सरका, पुढे सरका' करतात. त्यांनी आमचे हात एकमेकांच्या हातात दिले, वर एक फटका मारला. झाली पैज.

वरून आमची बाई ओरडली, "अहो, माझ्या प्रबंधावर पैजा लावताय? लाज वाटत नाही?"

"लाज विकून तर दुकान टाकलंय!"

ती हसली नाही. हल्ली ती हसत नव्हती.

आता तिचं काम काय, ते सांगतो, म्हणजे माझ्या डोक्यात जेवढं शिरलं तेवढं. जुन्या गोष्टी, गाणी, पोवाडे, त्यांत औषधी झाडपाला किती येतो बघा. राजकन्येला ताप येतो, राजपुत्राला साप चावतो, मग वैद्य येतो. वैद्याला नाव असतं, वडिलांचं नाव असतं, सात पिढ्या असतात. मुळीलासुद्धा नाव असतं. पण ती मुळी रानातून खणून आणणारा? त्याला नाव नाही. त्याला फक्त जात. 'अमक्या जातीचा एक जण मुळी घेऊन आला.' संपला त्याचा पार्ट.

आणि गोष्टीमागून गोष्टीत, असं हिला दिसलं, तो मुळी वैद्याच्या हातात देत नाही. दगडावर ठेवतो. मागे सरकतो. मग वैद्य उचलतो. तीच मुळी उगाळून राजाच्या तोंडात जाते, पोटात जाते, रक्तात जाते. तिथं कुणाचं काही अडत नाही. अडतं ते फक्त हाताला हात लागण्यावर.

हे तिचं चौथं प्रकरण. 'दगडावर ठेवलेली मुळी'. आमची जात ही त्या मागे सरकणाऱ्यांची, तेव्हा मी ते एका बैठकीत वाचलं. नाहीतर मी प्रबंध वाचत नाही, फक्त जाडी बघतो.

तर ह्या चौथ्या प्रकरणानं तिला असं कोंडलं होतं की विचारू नका. वनस्पतीशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, "छान आहे, पण मुळी कुणी खणली ह्याच्याशी आमच्या शास्त्राचा काय संबंध? तुम्ही समाजशास्त्राकडे जा." समाजशास्त्रवाले म्हणाले, "ह्या तर गोष्टी आहेत, आकडेवारी कुठाय? साहित्याकडे जा." साहित्यात तिचे मार्गदर्शक सर. ते म्हणाले, "ह्यात साहित्य कमी आणि समाजशास्त्र जास्त झालंय." एका खोलीचं दार उघडावं तर पुढची खोली, तिचं उघडावं तर पहिलीच. वर्षामागून वर्ष ती त्या तीन मजल्यांवर फिरत होती. शाळेतली नोकरी सोडलेली. मुदतवाढ मागून मागून आता शेवटची मिळाली होती, ह्यानंतर नोंदणी रद्द.

सर वाईट माणूस नव्हता हो, तीच तर पंचाईत. वाईट माणसाला शिवी देऊन मोकळं होता येतं. सर गोड. अडीअडचणीला पुस्तकं देणार, तब्येत विचारणार, माझ्याकडे गिऱ्हाइकं पाठवणार. त्यांच्या विभागातला एकही प्रबंध दुसऱ्या दुकानात जात नसे.

एकदा मी तिच्याबरोबर त्यांच्या केबिनमध्ये गेलो, बांधलेले गठ्ठे पोचवायला. ती चौथं प्रकरण घेऊन पुढे झाली.

"ठेवा तिथं टेबलावर," सर म्हणाले.

तिनं ठेवलं. सरांनी पेनाच्या टोकानं वरचं पान उचललं, पाहिलं, सोडलं.

"मी मागेच म्हटलं होतं, हे परिशिष्टात टाका."

"टाकलं होतं सर. मग तुम्ही म्हणालात, परिशिष्ट फार जड होतंय, तळटीप करा."

"मग केली का तळटीप?"

"एवढं मोठं प्रकरण तळटिपेत कसं बसेल सर?"

"मग असं करा, शेवटी 'पुढील संशोधनाच्या दिशा' असतात ना, त्यात एक ओळ घाला. तुमचा मुद्दाही राहील, प्रबंधही सुटसुटीत होईल." मग माझ्याकडे बघून हसले. "काय हो बाइंडर, तुम्हालाही सोपं जाईल."

"मला जाड प्रबंध परवडतो सर," मी म्हटलं. "पुठ्ठा तेवढाच लागतो."

सर मोठ्यानं हसले. मग आवाज खाली आणून तिला म्हणाले, "हे बघा, मी जात मानत नाही. अजिबात मानत नाही. म्हणून तर म्हणतो, ती प्रबंधात नको. चौथं काढा, उद्या सही करतो."

बाहेर आल्यावर ती जिन्यात थांबली. वर जावं की खाली, हेच तिला सुचेना. एका हातानं कठडा धरून नुसती उभी. येणारीजाणारी पोरं वळून बघत होती.

"चल, चहा घेऊ," मी म्हटलं.

"मी हे काढलं तर मी नेमकं काय लिहिलं हो इतकी वर्षं?"

मला उत्तर येत असतं तर मी बाइंडर झालो असतो का?

घरी तिची येरझार सुरू झाली. आमच्या दोन खोल्यांत कागदांनी इतकी जागा खाल्लीय की चालायला भिंतीकडेनं एक पट्टीच उरते. ती त्या पट्टीवरून फिरायची. खिडकीपर्यंत जायची, परत यायची. खिडकीतून युनिव्हर्सिटीचं गेट दिसतं, म्हणून तिनं पडदा ओढून टाकला. टेलर खालून ओरडायचा, "वहिनी, फ्रॉक इस्त्री करून ठेवलाय हं!" आधी ती त्याला चांगलं खणखणीत उत्तर द्यायची. आता खिडकीशीच येत नव्हती. टेलरही मग ओरडेनासा झाला.

शेवटी एका सकाळी ती खाली दुकानात आली आणि म्हणाली, "काढलं. छापलंय. सरांनी सही केलीय. बांधा."

गठ्ठा ठेवला आणि वर गेली. वरून येरझारीचा आवाजही आला नाही.

मी गठ्ठा उचलला. हातालाच कळलं, हलका. आणि माझ्यातला जुना किडा वळवळला. अहो, मी कोण? लग्नात आहेराच्या खोक्यात वीट बांधून देणारा माणूस मी! सर एकदा सही केल्यावर प्रबंध उघडून बघतात का? कुणीच बघत नाही, बाइंडरला विचारा. पहिलं पान, सहीचं पान, आणि पुठ्ठ्यावर नाव बरोबर आहे का, बास. मी अर्धं शटर ओढलं. तिच्या कपाटातून चौथं प्रकरण काढलं, पानांचे आकडे नीट लावले, अनुक्रमणिकेचं पान बदललं, आणि सरांच्या सहीच्या पोटात ते अख्खंच्या अख्खं शिवून टाकलं. काळा पुठ्ठा, सोनेरी अक्षरं. असली देखणी बांधणी मी आयुष्यात केली नाही. एकटाच हसत होतो. टेलरनं समोरून विचारलं, "काय रे, लॉटरी लागली?"

"तुझ्या अंगावर लाल रंग कसा दिसेल ते बघतोय," मी म्हटलं.

शेवटच्या दिवशी आम्ही जमा करायच्या खिडकीपुढे रांगेत उभे. माझ्या काखेत सगळ्या प्रती. पुढे फार लोक नव्हते. तिनं सहज एक प्रत घेतली, चाळली, आणि तिचा हात थांबला.

"हे काय आहे?"

"गंमत," मी डोळा मारला. "झाला की नाही अख्खा प्रबंध? सर म्हातारे होतील तरी कळायचं नाही."

मला वाटलं होतं, ती आधी घाबरेल, मग माझ्या दंडावर चापट मारेल, मग हसेल. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"चोरून घातलंत?"

"अगं, तुझंच आहे ते."

"माझंच मी चोरून आत न्यायचं?" ती ओरडली नाही, हळूच बोलली, म्हणून जास्त लागलं. "माझी आई आयुष्यभर लोकांच्या घरात मागच्या दारानं गेली. मी मागच्या दारानं डॉक्टर होऊ?"

माझं थोबाड उतरलं. "बरं, चुकलं. खिडकी बंद व्हायला वेळ आहे. दुकान इथंच आहे. पळत जातो, टाके उसवतो, चौथं काढतो, परत बांधतो. आण इकडे."

मी हात पुढे केला. तिनं प्रत छातीशी धरली. रांग पुढे सरकली, मागचा म्हणाला, "अहो, चला ना." ती हलली नाही. मी तिचा चेहरा बघत होतो. काढलं तर सगळी वर्षं फुकट, ठेवलं तर लबाडी. मीच ते दुसरं दार उघडून ठेवलं होतं, आणि तेही भिंतीतच उघडत होतं.

"एकदा काढलं ते कसं काढलं मला माहीत आहे," ती म्हणाली. "पुन्हा नाही."

ती रांगेतून बाहेर पडली आणि सरळ सरांच्या केबिनकडे. मी प्रती सांभाळत मागे. सर डबा उघडत होते.

"सर, ह्यात चौथं प्रकरण आहे. तुमच्या सहीनंतर घातलंय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. पंखा फिरत होता.

"काढा," सर म्हणाले. "वेळ आहे अजून. मी खिडकीवर फोन करतो, ते थांबतील. झालं गेलं मी विसरतो. शहाण्यासारखं करा."

"तुम्ही वाचलंय का सर ते?"

"चाळलंय."

"वाचा आणि चूक आहे म्हणा. मी आत्ता, इथं, माझ्या हातानं फाडते."

सरांनी डब्याचं झाकण बंद केलं, परत उघडलं. "चूक आहे असं मी कधी म्हटलं? फक्त इथं नको, एवढंच म्हणतोय."

"मग कुठं?"

तिनं टेबलावरचं त्यांचंच पेन उचललं, सहीचं पान काढलं आणि सरांच्या सहीवर एक आडवी रेघ मारली. मग दुसरी प्रत, मग तिसरी. मी एकेक पुढे करत होतो, दुसरं काय करणार? "ही सही ह्या प्रबंधाची नाही," ती म्हणाली. पेन त्यांच्या हातात दिलं. टेबलावर ठेवलं नाही, हातात दिलं. सरांना घ्यावं लागलं.

आम्ही खाली आलो तेव्हा खिडकीला कडी लागली होती.

संध्याकाळी टेलर पायरीवर येऊन बसला. "जाऊ दे रे," म्हणाला. "पैज रद्द. तो फ्रॉक मी फाडून त्याचे खिसे करतो."

"रद्द कशी?" वरून आवाज आला. पडदा बाजूला झाला होता. "हरलेत ना? घालायला लावा त्यांना भावजी. नुसते दुसऱ्याच्या खोड्या काढत फिरतात."

मग काय! दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी नळापाशी लाल फ्रॉकमध्ये उभा. खाली माझ्या केसाळ पोटऱ्या, पायात चपला. गल्लीतल्या बायका पदर तोंडात घालून हसत होत्या. कंडक्टरकाका पुढे, "सरका, पुढे सरका, वाट द्या!" टेलर मागे झालर उचलून धरत होता, मळायला नको म्हणून. आणि शेजारी ही, साधी साडी, काखेत एक काळी प्रत.

गेटवर कॉलेज सुटलेलं. पोरं जाळीच्या आत, आम्ही बाहेर. शिट्ट्या, मोबाइल, बोंबाबोंब. ही आत जायला निघाली तर वॉचमन आडवा आला. "मॅडम, तुमचं आयकार्ड कालपासून बंद झालंय. वरून सांगितलंय." बिचारा खाली बघत होता. ती थांबली. जाळीला एक हात लावून उभी राहिली.

"गिरकी!" कंडक्टरकाका म्हणाले. मी गिरकी मारली. टाळ्या पडल्या.

एका पोरीनं जाळीतून विचारलं, "काकू, हे काका असे का?"

"पैज हरले. माझा प्रबंध जमा झाला नाही."

"का नाही झाला?"

"एका प्रकरणामुळे."

"काय आहे त्यात?"

तिनं प्रत उघडली नाही. तिला पाठच होतं. राजकन्येच्या तापापासून सुरुवात केली. पोरं हसत हसत जवळ आली, मग हसायची थांबली. पुढची पोरं जाळीला चिकटली, मागची टाचा उंच करून ऐकायला लागली. दगडापर्यंत गोष्ट आली तेव्हा माझ्याकडे बघणारं कुणी उरलं नव्हतं.

मी गिरक्या मारतच होतो. लोकांनी 'पुरे' म्हणायचं होतं ना, आणि लोकांना तर भानच नव्हतं.

"अहो काका, थांबवा," मी हाफत म्हटलं.

"मी पंच आहे, लोक नाही," कंडक्टरकाका जाळीकडे कान लावून म्हणाले. "गप फिर. ऐकू दे."

टेलर तेवढा माझ्याकडे बघत होता. "हळू फिर रे," म्हणाला, "बगलेत उसवतंय."