तळाशी बसलेला चमत्कार

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. पंखे गरगरत होते, माइक खरखरत होता आणि स्टेजवर नऊ-दहा वर्षांची एक पोर डुलत होती. तिचे डोळे डावी-उजवीकडे भरभर हलत होते, पाय वाकडेतिकडे पडत होते. शेजारी उभे होते फुंकरमहाराज. कशावरही फुंकर मारून देणं ही यांची खासियत. गुडघ्यावर, दुकानाच्या किल्लीवर, एकदा तर कुणाच्या बंद पडलेल्या मिक्सरवरही मारली होती. मिक्सर बंदच राहिला, पण ती गोष्ट कुणी सांगत नाही.

"पाहा मंडळी!" महाराज गरजले. "आज संचार होणार, हे मी आधीच सांगितलं होतं की नाही? झाला! बेटी, समोर काय दिसतं तुला?"

"सगळे दोन-दोन दिसतात," पोर जड जिभेनं पुटपुटली.

"ऐकलंत? एक देह आणि एक आत्मा! तुम्हाआम्हाला नुसता देह दिसतो, हिला आतला माणूसही दिसतो!"

लोकांनी माना डोलावल्या. काहींनी वाकून पोरीच्या पायांना हात लावला. पहिल्या रांगेत तिचा बाप बसला होता. धंद्यानं रंगारी, घरं रंगवणारा. आजवर लोकांनी त्याला "भिंतीवर ओघळ आलेत, पैसे कापीन" एवढंच ऐकवलेलं. आता तेच लोक उठून त्याला खुर्ची देत होते. खोटं कशाला बोला, त्याला ते गोड लागत होतं. तरी आज एक गोष्ट मनातून जात नव्हती. सकाळीच पोर म्हणाली होती, "पप्पा, गरगरतंय. आज नको ना जाऊया." आणि तो म्हणाला होता, "थोडाच वेळ बाळा, लोक वाट बघतात."

तेवढ्यात पोरीचा तोल गेला. स्टेजच्या कडेवरून ती खाली आदळली, हनुवटी फुटली आणि ती ओकायला लागली.

"पाप बाहेर पडतंय! कुणी हात लावू नका!" महाराज माइकवरून ओरडले.

रंगाऱ्यानं ऐकलं नाही. पोरीला उचललं आणि थेट दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी टाके घातले. मग पोरीच्या डोळ्यांसमोर बोट फिरवलं, तिला सरळ चालायला सांगितलं. पोर दुसऱ्याच पावलाला कलंडली.

"फिटचं औषध चालू आहे हिला?"

"हो." त्यानं खिशातून बाटली काढली. तळाशी थोडंसं उरलं होतं. "महाराजांची फुंकर लागते, म्हणून जवळच ठेवतो."

"हे डुलणं कधी होतं? नवी बाटली उघडल्यावर की संपत आल्यावर?"

"संपत आल्यावर. नवी उघडली की उलट फिट येते. महाराज म्हणतात, आधी बाधा येते, मग तिला हटवायला शक्ती येते."

"बाटली हलवून देता ना?"

हा प्रश्न रंगाऱ्याच्या ओळखीचा होता. पूर्वी औषध त्याची बायको द्यायची. तिला धुलाईच्या कारखान्यात पहाटेची पाळी लागली, तेव्हा ते काम त्याच्याकडे आलं. दारातून निघताना ती रोज विचारायची, "हलवून देता ना हो?" आणि तो म्हणायचा, "हो गं बाई, हो." देत नव्हता. महाराजांनी बजावलं होतं, "बाटलीत शक्ती बसलेली असते. हलवाल तर कोपेल."

डॉक्टरीणबाईंनी कपाटातून तसलीच नवी बाटली हलक्या हातानं काढली आणि न हलवता वरचं थोडं एका वाटीत ओतलं. पाण्यासारखं पातळ. दुसऱ्या वाटीत त्याच्या बाटलीतलं उरलंसुरलं ओतलं. घट्ट, अगदी पिठल्यासारखं.

"या औषधाची पूड पाण्यात विरघळत नाही, नुसती तरंगते. बाटली ठेवली की तळाशी बसते. वरचं औषध कमजोर, म्हणून फिट. तळाचं भलतंच कडक, म्हणून दोन-दोन दिसणं, तोल जाणं, डोळे हलणं, ओकारी. तुमच्या मुलीला औषध जास्त झालंय. रक्त तपासू म्हणजे खात्री होईल."

कुणीतरी कानाखाली जाळ काढावा तसं त्याला झालं. रंगाचा डबा उघडला की आधी काठी घालून तळापासून ढवळणारा माणूस तो! कारागिरानं ढवळलं नाही तर त्याच्या अंगावर धावून जायचा. त्याला हे सुचलं नव्हतं का? सुचलं होतं. एकदोनदा हात शिवशिवलाही होता. पण महाराजांचा शब्द मोडायची छाती झाली नाही, आणि पहिल्या रांगेतली खुर्चीही सोडवत नव्हती.

"बाई, आजपासून हे औषध बंद!"

"खबरदार!" बाई कडाडल्या. "एकदम बंद केलंत तर फिटांवर फिट येतील, जिवावर बेतेल. आज ती इथेच राहील. डोस किती वेळ थांबवायचा, कधी सुरू करायचा, ते मी सांगेन. घरी आपल्या मनानं कमीजास्त करायचं नाही. आणि घरातला चमचा वापरू नका, ही मापाची सिरिंज घ्या."

रक्तातलं औषध मर्यादेच्या कितीतरी वर निघालं. बायको कारखान्यातून धावत आली, पोरीच्या उशाशी बसली. "हलवत होता ना?" तिनं विचारलं. त्यानं मान हलवून नाही म्हटलं. तिनं त्याच्या हातातली सिरिंज काढून स्वतःकडे घेतली.

पण एक कोडं राहिलंच होतं. संचाराचा दिवस महाराजांना आधी कसा कळायचा? पोर सावरल्यावर रंगारी पुन्हा हॉलमध्ये गेला. हातात कागदात गुंडाळलेली औषधाची बाटली.

"महाराज, पुढचा संचार कधी?"

महाराजांनी सवयीप्रमाणे बाटली दिव्याच्या उजेडात धरली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "आधी हा कागद काढ."

"कागदाची कसली अडचण? तुम्हाला तर पुढचं सगळं दिसतं ना?"

"कागदानं फुंकर अडते, मूर्खा!"

"अहो, फुंकर तर झाकणावर मारता तुम्ही!" मागून एक म्हातारी ओरडली.

हॉलमध्ये खसखस पिकली. महाराज घामाघूम झाले. "येत्या... येत्या गुरुवारी संचार होणार!"

रंगाऱ्यानं कागद टराटरा फाडला. बाटली रिकामी होती, आतून धुतलेली.

"बाटलीत किती उरलंय ते बघायचे आणि दिवस सांगायचे," तो म्हणाला. "एवढीच यांची सिद्धी." मग वर पातळ आणि तळाशी घट्ट, हा सगळा प्रकार त्यानं समजावून सांगितला. लोक पोट धरून हसले. "पाणी पिऊन येतो" म्हणून आत गेलेले महाराज मागच्या दारानं पसार झाले.

रंगारी मात्र हसला नाही. "हसू नका," तो म्हणाला. "तो लबाड होता, पण औषध मी पाजत होतो. पोर सांगत होती गरगरतंय, दोन-दोन दिसतंय. मी तिचं ऐकायचं सोडून तुमच्या टाळ्या ऐकल्या."

एक बाई घाबरून उभी राहिली. "दादा, माझा लेकही तेच औषध घेतो. मलाही बाटली हलवू नको म्हणून सांगितलंय."

"ताई, आत्ताच्या आत्ता त्याला डॉक्टरांकडे न्या. आपणहून बंद करू नका, आपणहून वाढवू नका. औषधानं त्रास झाला तर ज्यांनी ते लिहून दिलं त्यांना विचारा. प्रत्येक गोष्टीला कारण असतं हो. ते शोधायचा कंटाळा केला म्हणून मी देव शोधला, आणि हनुवटी पोरीची फुटली."

घरी आल्यावर तो पोरीच्या खाटेजवळ बसला. टाक्यांकडे बघायचं धाडस होत नव्हतं. "चुकलं बाळा माझं. फार चुकलं."

पोरीनं विचारलं, "पप्पा, पुन्हा गरगरलं तर कुणाला सांगायचं?"

"मला सांग. लगेच सांग."

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. रागानं नव्हे, अगदी साध्या नजरेनं.

"नको," ती म्हणाली. "मी आईला सांगेन."