घरचा नंबर

"त्यांच्या घरूनच नको म्हणाले की हो, ताई." दवाखान्याच्या सयाजीरावांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. "ही बघा तारीख. फोन मीच केला होता. मिस्टरांनी उचलला. बायकोची तब्येत बरी नसते, तुम्ही दुसरी बाई बघा म्हणाले. बोलले मात्र अगदी नम्रपणे."

मंचरच्या त्या दवाखान्यात मी भलत्याच कामाला आले होते. आमच्या नव्या तुकडीतल्या मुलींना वॉर्ड दाखवायचा होता. मुली बाकावर बसून नाकाला रुमाल लावत होत्या, आणि मी सहज विचारलं होतं, आमच्या खोडदच्या अक्षदाला कधी बोलावताय? त्यावर हे रजिस्टर निघालं. तारीख अठरा दिवसांपूर्वीची होती. जागा दुसऱ्याच दिवशी भरली होती.

मुलींना इंद्रायणीच्या ताब्यात दिलं. इंद्रायणी आमच्याच तिसऱ्या तुकडीची, आता तिथे वॉर्ड सांभाळते. तिला बघून तिच्या वाडीतल्या आणखी चौघी कोर्सला आल्या, आणि त्या चौघींच्या घरात आता कुणी आवाज चढवण्याआधी जरा विचार करतं. "ताई, चहा?" ती म्हणाली. मी नको म्हटलं आणि नारायणगावची एसटी धरली.

मी यशोधरा. आळेफाट्यावर एका गॅरेजच्या माडीवर आमच्या संस्थेचं ऑफिस आहे. 'कुटुंब सल्ला व रोजगार मार्गदर्शन केंद्र' असा लांबलचक बोर्ड आहे, त्यातलं 'रोजगार' तेवढं पावसाने पुसट झालंय. खाली दिवसभर टेम्पोचे पत्रे ठोकतात. नवीन आलेल्यांना त्या आवाजाचा वैताग येतो, पण बायका त्यामुळेच मोकळ्या बोलतात. बाहेर बाकावर बसलेल्या सासरच्यांना आतलं काही ऐकू जात नाही. आमचे चांगदेवसर संस्थेसाठी नवीन जागा बघतात तेव्हा मी दर वेळी काहीतरी खोट काढते, ती याचसाठी.

एकोणीस वर्षांत मी एक नियम केला आणि केंद्रातल्या पोरींकडून पाळून घेतला. रोजगाराच्या फॉर्मवर बाईचा स्वतःचा फोन नसेल तर घरचा नंबर लिहायचा नाही. शेजारणीचा लिहा, अंगणवाडीच्या बाईंचा लिहा, पिठाच्या गिरणीचा लिहा, पण नवऱ्याचा नाही, दिराचा नाही, सासऱ्याचा तर नाहीच नाही. का, ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांना नोकरी लागल्याचं नोकरी गेल्यावर कळायचं.

हा नियम मी केला आणि मीच मोडला.

अक्षदा पहिल्यांदा आली ती भावाबरोबर, घोडेगावकडून, माहेराहून. डाव्या हाताला प्लास्टर होतं. चोवीस वर्षांची, बारावी झालेली, बोलायला मोजकी. नवरा गोरख, स्वतःची थोडी बाग आणि एक पिकअप. आम्ही त्याला बोलावलं. तीन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीला तो टेबलावर मूठ आपटून गेला, दुसऱ्या बैठकीला गप्प बसला, तिसऱ्या बैठकीला रडला. पुरुष रडला की मी सावध होते, पण हा खरंच रडला. कागद झाला. हात उचलणार नाही. तिला तीन महिन्यांच्या रुग्णसेवेच्या कोर्सला पाठवील. कोर्सनंतर काम लागलं तर अडवणार नाही. त्याने सही केली आणि खाली उतरून गॅरेजवाल्यांनाही नमस्कार घातला.

आणि पठ्ठ्याने कागद पाळला. तीन महिने रोज सकाळी तो तिला मोटारसायकलवरून फाट्यावर सोडायचा, वर येऊन "येतो ताई" म्हणायचा. आमच्या पोरी कौतुकाने बघायच्या. चांगदेवसरांनी अहवालासाठी दोघांचा फोटो काढला.

फॉर्म भरायच्या दिवशी तो तिच्या शेजारीच बसला होता. मी संपर्क क्रमांकाच्या रकान्यापाशी थांबले आणि म्हटलं, "खोडदच्या अंगणवाडीच्या बाईंचा नंबर आहे ना गं तुझ्याकडं?"

"अंगनवाडीचा कशाला ताई?" गोरख हसला. "माझाच ल्हिवा की. आमी आता भांडतोय व्हय?"

अक्षदाने माझ्याकडे बघितलं. फक्त बघितलं. मला वाटलं, लाजली. नवरा चारचौघांत आपलं म्हणाला म्हणून बाई लाजतेच. मी त्याचा नंबर लिहून घेतला.

माझे वडील भागुजी बेल्ह्याच्या बैलबाजारात ज्याला त्याला एकच सांगायचे, बैलाचे दात बघावेत, मालकाचं तोंड बघू नये. मी त्या दिवशी मालकाचं तोंड बघितलं. आणखी खरं सांगायचं तर मला तो समेट हवा होता. वर्षभरात सतरा घरं जुळवायला घेतली होती, त्यातली अकरा पुन्हा फाटली होती. एक तरी घर धड उभं राहिलं असं मला बघायचं होतं. अंगणवाडीचा नंबर लिहिला असता तर त्याचा अपमान झाला असता, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. तिला काय वाटेल हे विचारायचं राहिलं.

नारायणगावला उतरून मी खोडदच्या जीपमध्ये बसले. वाटेत रेडिओ दुर्बिणीच्या त्या भल्यामोठ्या पांढऱ्या छत्र्या दिसतात, आभाळाकडे तोंड करून उभ्या. खोडदला जाणारा प्रत्येक पाहुणा त्यांच्यावरून एक कोटी करतो, त्यांना ताऱ्यांचं ऐकू येतं आणि आपल्याला शेजारच्याचं येत नाही वगैरे. मीही पूर्वी केली आहे. त्या दिवशी मी खाली बघून बसले होते. जाऊन काय सांगायचं ते ठरत नव्हतं. तुझी नोकरी तुझ्या नवऱ्याने घालवली हे सांगितलं तर ते घर त्याच संध्याकाळी मोडेल. नाही सांगितलं तर ती पोर रोज त्या फोनची वाट बघत बसेल. दर सोमवारी ती गोरखच्याच फोनवरून केंद्रात फोन करायची. "ताई, आलं का काय मंचरहून?" आणि मी दर सोमवारी म्हणायचे, "येईल गं, धीर धर." वार्षिक अहवालाचे दिवस होते. मंचरला एक फोन लावायला मला सवड झाली नव्हती.

घरी सासू होती, ठकूबाई. ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. "या ताई, या," म्हणाली. "अक्षदे, कोन आलंय बघ! गोरख टमाटी घेऊन गेलाय नारायनगावला, इल येवढ्यात. पोरगं लई सुधारलं बघा तुमच्यामुळं. पयल्यासारखं न्हाई ऱ्हायलं."

अक्षदा आतून पाणी घेऊन आली. प्लास्टर कधीच निघालं होतं. तब्येत उलट सुधारलेली दिसली, गालावर थोडं मांस आलं होतं. ते बघून मला आणखीच कसंतरी झालं.

"मागं चला ताई, दोडक्याचा वेल दावते," ती म्हणाली.

मागच्या अंगणात धुण्याचा दगड होता, त्याच्या वर तारेवर वेल चढवला होता. ती वेलाकडे तोंड करून उभी राहिली. मी शब्द जुळवत होते.

"अक्षदा, मी आज मंचरला गेले होते."

"कळलं का मग तुमाला?"

मी तिच्याकडे बघतच राहिले.

"फोन आला तवा मी हितंच व्हते, या दगडावर. ते तिथं पलीकडं बोलत व्हते." तिने बोटाने दाखवलं, चार पावलांवर. "वाईट न्हाई बोलले. बरं नसतं तिला, दुसरी बगा म्हनले. मंग फोन खिशात घातला आन् मला म्हनले, आज कालवन काय करनार?"

"तुला माहीत होतं? आणि तू दर सोमवारी मला फोन..."

"ते शेजारीच बसल्याले असायचे ताई. फोन त्यांचा. काय बोलनार? म्हनलं, मी इचारत ऱ्हायले, आलं का आलं का म्हनून, तर ताईंना वाटंल, बगावं तरी मंचरला फोन करून. जागा भरली नसंल तर तुमी काय तरी कराल." तिने एक वाळलेलं पान खुडलं. "पयल्या सोमवारी वाटलं, कराल. दुसऱ्या सोमवारी बी वाटलं. तिसऱ्या सोमवारी आपलं सवयीनं केला."

खरं तर जागा दुसऱ्याच दिवशी गेली होती. पण ते तिला माहीत नव्हतं, आणि मला त्यात लपता येत नव्हतं. ती तीन वेळा माझ्या दारावर थाप मारत होती आणि मी आतून धीर धर म्हणत होते. एकोणीस वर्षं मी पोरींना शिकवते, बाई काय बोलते ते ऐकू नका, का बोलते ते ऐका. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

"रडू नगा. सासूबाय बगतील."

"चल माझ्याबरोबर," मी म्हटलं. "आत्ता चल. आळेफाट्यावर दोन दवाखाने आहेत, मी स्वतः बोलते. कागदावर त्याची सही आहे. त्याने अट मोडलीय. पुन्हा बैठक लावू आपण."

"नगं ताई."

"का नको?"

तिने उत्तराला वेळ घेतला. ती शब्द शोधत नव्हती, मला समजेल असे निवडत होती.

"कागदावर दोन गोष्टी व्हत्या. कामाला पाठवीन आन् हात उचलनार न्हाई. एक मोडली, दुसरी पाळलीय त्यांनी. आट म्हैने झालं, बोट लावलं न्हाई. मी पयलीसाठी भांडाया गेले तर दुसरी बी जाईल. मला दोन्ही मिळायचं नशीब न्हाई, येक तरी ऱ्हाऊ द्या." मग म्हणाली, "आन् तुमी त्यांना काय बोलू नगा. मला ठाव हाय हे त्यांना ठाव न्हाई. ते तसंच ऱ्हाऊ द्या. तुमाला माजी आन हाय."

आम्ही असल्या वेळी बाईला म्हणतो, निर्णय तुझा आहे, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत. शिकवलेलं वाक्य आहे ते. मला ते तोंडातून काढवेना. मी मान हलवली.

ती घरात जाऊन एक पिशवी घेऊन आली. आत कोर्सचा गणवेश होता, आकाशी कुर्ता आणि पांढरा पायजमा, धुऊन इस्त्री केलेला. तिच्या मापाने शिवून आम्हीच दिला होता. कोर्सभर त्याच्यावर साधा डाग तिने पडू दिला नव्हता.

"नव्या तुकडीतल्या कोनाला व्हईल बगा. जाड आसली तर बाजूची शिवन उसवायची, आत दोन बोटं कापड सोडलंय मी." तिने शिवण उलटून दाखवली. "कॉलरचं बटन ढिलं झालतं, ते पक्कं केलंय."

"राहू दे तुझ्याकडं. पुढं कधी..."

"कपाटात ऱ्हायला का रोज दिसतो, ताई," ती म्हणाली.

तेवढ्यात पिकअप दारात आली. गोरख उतरला, मला बघून पुढे येऊन पाया पडला. "ताई, कवा आला? च्या घेतला का न्हाई? अगं अक्षदे, ताईंना च्या दिला का?" चहा झाला. बशीत ठकूबाईने शेंगदाणे आणि गूळ ठेवला. मी तो खाल्ला. अक्षदा चुलीपाशी उभी राहून सगळ्यांना वाढत होती आणि मधूनच सासूच्या बोलण्यावर हसत होती. कुणी परका आला असता तर म्हणाला असता, काय सुखाचं घर आहे.

"जीप आता गावायची न्हाई," गोरख म्हणाला. "चला, स्टँडवर सोडतो तुमाला."

मी नको म्हणणार होते. अक्षदाने माझ्याकडे बघितलं. या वेळी मला बरोबर कळलं. मी जाऊन पिकअपमध्ये त्याच्या शेजारी बसले. ती दारापर्यंत आली, पण ओटा उतरली नाही.

गाडीत टोमॅटोचा आंबूस वास भरला होता. मी पिशवी मांडीवर घेऊन तिच्यावर पदर ओढला. गोरख वाटेत बागेबद्दल बोलला, फवारणीबद्दल बोलला. मीना नदीचा पूल त्याने ओलांडला. मग समोर बघतच म्हणाला, "ताई, येक बोलू का? तुमचं उपकार फिटायचं न्हाई. तुमी नसता तर माझा संसार मोडला असता. मी लोकांना सांगतो, काय बी झालं तरी आळेफाट्याच्या ताईंकडं जावा."

तो मनापासून बोलत होता. तेच मला सोसेना. त्याला शिव्या घालाव्यात, गाडीतून उतरून पायी जावं, असं काय काय मनात येऊन गेलं. हातांखाली पिशवीतल्या कुर्त्याची कडक इस्त्री लागत होती.

"काय झालं ताई? बरं वाटत न्हाई का?"

"काही नाही," मी म्हटलं. "जरा हळू चालव."

त्याने लगेच गाडी हळू केली.